ओळखीच्या खोडी

इंजिनियर म्हटला की तो नव्याचा भोक्ता असणार, अशी लोकांची ठाम समजूत असते. ती आमच्या मंडळींनीच करून दिलेली आहे, हेही खरे. चारचौघांत बसलो की आम्ही नव्या फोनविषयी बोलतो, नव्या मोटारीविषयी बोलतो, कुठे तरी निघालेल्या नव्या यंत्राच्या बातम्या रंगवून सांगतो. पण आमच्यापैकी एखाद्याच्या टेबलाचा खण कधी तरी उघडून पाहावा. आत जे निघेल ते पाहून एखादा पुराणवस्तुसंशोधकदेखील खूश होईल. माझ्या खणात ८०५१ च्या घराण्यातले डझनभर आयसी पडलेले आहेत. या घराण्याचा मूळ पुरुष इंटेल कंपनीने १९८० साली बाजारात आणला. त्या साली जन्मलेल्या माणसांचे कानांवरचे केस आता पांढरे होऊ लागले आहेत. आणि हे आयसी मी आठवण म्हणून जपून ठेवलेले नाहीत. उद्या त्यांतला एखादा पॅनेलमध्ये बसेल आणि परवा कुणाच्या तरी विहिरीवर जाईल.

ज्यांचा या वस्तूशी परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर मांडलेले एक चिमुकले बिऱ्हाड. त्यात हिशेब करणारा एक कारकून असतो, त्याला दिलेल्या सूचनांची एक वही असते, तात्पुरते आकडे मांडायला एक पाटी असते, वेळ मोजायला घड्याळे असतात आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार करायला धातूचे पाय असतात. कपडे धुण्याच्या यंत्रात, वाण्याच्या वजनकाट्यात, लिफ्टमध्ये, मुलांच्या खेळण्यात असा एकेक कारकून बसलेला असतो. संगणकासारखी दहा कामे तो करत नाही. जन्मभर एकच काम करतो, आणि त्याने ते न चुकता करावे एवढीच आपली अपेक्षा असते.

८०५१ चे बिऱ्हाड तर फारच लहान. मुळात त्याची सूचनांची वही ४ किलोबाइटची आणि पाटी १२८ बाइटची. आजचे संगणक मराठी मजकूर ज्या पद्धतीने साठवतात, त्या पद्धतीने हा लेख त्या वहीत भरायला घेतला तर सव्वादोनशेच्या आसपास शब्द झाले की वही संपेल. पाटीवर तर एक ओळ लिहिली की दुसरीला जागा नाही. याच्या शेजारी आजचे आयसी मांडून पाहा. एसटीएम३२एफ१०३ हा आयसी २००७ साली निघाला. तो सेकंदाला ७ कोटी २० लाख ठोके घेतो आणि त्याची पाटी २० किलोबाइटची आहे. २०२२ मध्ये डब्ल्यूसीएच या चिनी कंपनीने सीएच३२व्ही००३ नावाचा आयसी काढला. तोही ३२ बिटांचा, ठोके सेकंदाला ४ कोटी ८० लाख, आणि किंमत दहा अमेरिकन सेंटांच्या आसपास. म्हणजे टपरीवरच्या चहाच्या भावात. असे असताना लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत माणसे अजूनही ८०५१ चे वंशज मागत जातात. मायक्रोचिपच्या पिक घराण्यातला १६एफ८४ हाही असाच. त्याच कंपनीने त्याचे अधिक गुणी आणि अधिक स्वस्त भाऊ पुढे काढले, तरी जास्त पैसे मोजून हाच घेणारे लोक राहिले. हा काय प्रकार आहे?

आळस, असे कोणी म्हणेल. त्यात थोडे तथ्य आहे. एकदा लिहून चाललेला प्रोग्राम पुन्हा नव्या आयसीसाठी लिहायचा म्हणजे घर बदलण्यासारखेच. भांडी सगळी पोचतात, पण चहाची गाळणी महिनाभर सापडत नाही. हिशेबही आहे. वर्षाला पाचशे पॅनेले करणाऱ्याने एका पॅनेलमागे चाळीस रुपये वाचवले तरी वर्षाला वीस हजार वाचतात, आणि नव्या आयसीवर सगळे पुन्हा तपासून घेण्यात चार-सहा महिने सहज जातात. दवाखान्यातली किंवा घरगुती वापराची उपकरणे करणाऱ्यांना तर आयसी बदलला की सुरक्षिततेच्या चाचण्या आणि प्रमाणपत्रे यांची वारी नव्याने करावी लागते. तेव्हा आळस म्हणा, हिशेब म्हणा, दोन्ही आहेतच. पण तेवढ्यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षे कोणी टिकत नाही. आणि ‘जुने ते सोने’ या म्हणीचाही मला इथे उपयोग वाटत नाही. सोने जुने झाले म्हणून सोने होत नाही. ते नवे असतानाही सोनेच असते. ८०५१ मध्ये १९८० साली सोन्याचे असे काही नव्हते. त्याचे जे मोल झाले ते पुढे झाले, आणि माझ्या मते ते त्याच्या गुणांमुळे झाले नसून त्याच्या खोडींमुळे झाले.

या आयसीला खोडी आहेत, आणि त्या गावभर ठाऊक आहेत. पहिली खोड अशी की वीज आली, आयसी जागा झाला, की त्याच्या पोर्टांचे सगळे पाय आपोआप ‘वर’ जातात. कारकुनाने वहीचे पहिले पान उघडण्याच्या आधीच हे होते. ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही तो पाय वर गेला की मोटर सुरू, अशी जोडणी करतो. मग वीज येताच मोटर क्षणभर धडपडून उठते. ज्याला ठाऊक आहे तो उलटी जोडणी करतो. दुसरी खोड म्हणजे हा गृहस्थ वीज देताना हात आखडतो आणि घेताना मात्र मोकळा सोडतो. त्याच्याकडून दिवा लावून घ्यायचा तर दिव्यातून येणारी वीज त्याने ओढून घ्यावी, अशी मांडणी करावी लागते. तिसरी खोड पोर्ट शून्याची. त्या आठ पायांना स्वतःहून वर उठण्याचे बळच नाही. त्यांना बाहेरून रेझिस्टरांची काठी द्यावी लागते. मूळच्या आयसीत आणखी एक उणीव होती. कारकून काम करता करता कुठे अडकून पडला तर त्याला हलवून जागे करणारा पहारेकरी त्यात नव्हता. पुढच्या काही वंशजांत तो आला.

या गोष्टी मला कुणी गुपित म्हणून सांगितलेल्या नाहीत. आपल्याकडच्या इंजिनियरिंग कॉलेजांत मुलांच्या कित्येक तुकड्या मझिदी आणि आयाला यांची पुस्तके वाचून ८०५१ वरच हात बसवून बाहेर पडल्या. कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. तिथे या खोडी जाणणारा एखादा तरी भेटतो. आपल्यात म्हणतात, ओळखीचा चोर जिवे मारी. आमच्या धंद्यात मात्र मी ही म्हण उलटी करून वापरतो. चोर ओळखीचा असला तर तो कोणत्या खिडकीतून येतो हे ठाऊक असते, आणि तेवढ्याच खिडकीला गज बसवून निवांत झोपता येते. नव्या आयसीला खोडी नसतात असे थोडेच आहे! त्या अजून कळलेल्या नसतात, इतकेच. आयसीत राहून गेलेल्या चुकांची यादी कंपन्या स्वतःच छापतात. ती लांबलचक यादी पाहून नवशिका बिचकतो. मला उलट धीर येतो. मला भीती वाटते ती जिची यादी अजून कोरी आहे त्या आयसीची.

ही भीती उगाच नाही, हे समजायला आमचे पॅनेल जिथे जाते ती जागा पाहायला हवी. मिरजेजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात शेतीच्या पंपांची पॅनेले होतात. पत्र्याची पेटी विहिरीशेजारच्या खांबाला लटकते. चैत्र-वैशाखात तिच्यावर हात ठेववत नाही. आत मुंग्या वारूळ करतात, पाल बिऱ्हाड करते. डीपीवरून येणारी वीज कधी तीन फेजची, कधी मध्येच एक फेज गेलेली. मोटर दोन फेजवर चालत राहिली तर तापते, आणि वेळीच बंद केली नाही तर जळते. मग मोटर वर काढा, रिवायंडिंगला न्या, चार दिवस थांबा. तोवर द्राक्षबाग किंवा ऊस काही थांबत नाही. शेतीला जिथे रात्रीची वीज येते तिथे तर बापड्या शेतकऱ्याने दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावरून जायचे, आणि वाटेत सापकिरडू निघाले तर ते नशिबावर सोडायचे. पॅनेलने आपले काम नीट केले तर तो माणूस घरी झोपतो. न केले तर एक तर तो स्वतः उठून जातो, नाही तर मोटर तरी जाते. मी जो आयसी निवडतो त्याच्या मागे एवढे सगळे उभे असते, आणि मी स्वतः तिथे नसतो. निवड करणारा आणि भोगणारा असे वेगवेगळे असले की निवड जरा जपून करावी लागते.

या जागी जुन्या आयसीचे दोन-तीन साधे गुण उपयोगी पडतात. तो पाच व्होल्टवर चालतो. आजचे बरेच आयसी ३.३ व्होल्टवर चालतात, आणि त्यांच्या ‘हो’ आणि ‘नाही’ यांमधले अंतर तेवढे कमी असते. मोठा कॉन्टॅक्टर सुटताना ठिणगी पडते आणि तिच्याबरोबर तारांतून एक झटका धावतो. अशा वेळी हे अंतर जितके रुंद तितके बरे. नव्या आयसीलाही या झटक्यापासून सांभाळता येते, नाही असे नाही. बोर्डची मांडणी नीट करावी लागते, फिल्टर घालावे लागतात. पण तो अभ्यास जुन्या आयसीबाबत कधीच होऊन गेलेला आहे. दुसरे असे की हा चाळीस पायांचा आयसी बेसमध्ये बसतो. बिघडला तर तालुक्याचा दुरुस्तीवाला स्क्रूड्रायव्हरने उचकटून दुसरा बसवतो. नव्यांतले पुष्कळसे आयसी इतके लहान, की त्यांचे पाय त्यांच्या पोटाखाली लपलेले. ते काढायला गरम हवेचे यंत्र आणि तरुण डोळे लागतात. आणि तिसरे म्हणजे वाचन. या घराण्यातल्या एखाद्या वंशजाची माहिती तीस-चाळीस पानांत आटोपते. त्या एसटीएम३२ च्या माहितीपुस्तकाची पाने अकराशेच्या वर आहेत. ते पुस्तक उत्तम आहे. पण रात्री फोन येतो तेव्हा अकराशे पाने कोणी चाळत नाही.

मला स्वतःला मात्र सगळ्यांत मोठा आनंद वाटतो तो त्याच्या वेळेच्या हिशेबाचा. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल जोडला की मूळ ८०५१ ची बहुतेक कामे एका किंवा दोन मायक्रोसेकंदांत होतात. गुणाकार आणि भागाकार यांना चार लागतात. बस्स. कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करावी आणि अमुक काम किती वेळात होईल ते सांगावे. नवे आयसी कितीतरी पटींनी वेगवान, पण ते आधीच पुढचे वाचून ठेवतात, काही कामे एकमेकांत गुंफतात; त्यांचा वेळ मोजून पाहावा लागतो, नुसता मांडून चालत नाही. आमच्या पॅनेलांत मात्र १२ चा क्रिस्टल नसतो, ११.०५९२ चा असतो. हा आकडा प्रथम पाहणाऱ्याला कुणी तरी छपाईची चूक केली असे वाटते. पण त्याला १२ ने भागा, मग ३२ ने भागा. येतात बरोबर २८,८००. त्याला ३ ने भागले की ९,६००, एक कणही शिल्लक न राहता. एसएमएस घेणाऱ्या मोडेमशी आमचे पॅनेल याच गतीने बोलते. १२ चा क्रिस्टल घातला तर तोच हिशेब १०,४१६ वर जातो, साडेआठ टक्के चूक पडते, आणि दोघे एकमेकांशी बोलतात ते नुसते बडबडगीत होते. हा विचित्र आकडा हजारो माणसांना तोंडपाठ आहे. माझ्या मते जुन्या आयसीची खरी किंमत या तोंडपाठ असण्यात आहे.

इथपर्यंत आलो की मी जुन्याचा वकील झालो असे वाटेल. म्हणून दुसरी बाजूही सांगतो. जुने म्हणजे कायमचे, असे मुळीच नाही. ज्या इंटेलने हे घराणे सुरू केले तिनेच २००७ मध्ये ते बनवणे बंद केले. २०२१ ची टंचाई आली तेव्हा नव्या आयसींबरोबर जुनेही मिळेनासे झाले. एसटीएम३२एफ१०३ चे भाव कितीतरी पटींनी चढले आणि जुन्यावर विसंबलेल्यांनाही दारोदार फिरावे लागले. तरीही ८०५१ संपला नाही, कारण तो एका घरात कोंडलेला नव्हता. इंटेलने सुरुवातीपासूनच फिलिप्स, सीमेन्स, एएमडी अशा कंपन्यांना तो बनवू दिला. पुढे ॲटमेलने त्यात पुसून पुन्हा लिहिता येणारी वही घातली. त्याआधी काचेची खिडकी असलेला आयसी अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवून पुसावा लागे. आज चीनमधली एसटीसी त्याचे वेगवान वंशज बनवते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सीसी२५४० या ब्लूटूथच्या आयसीतही आत कारकून म्हणून ८०५१ च बसलेला आहे. घर बदलले, भिंती बदलल्या, मालक बदलले. राहिली ती त्याची सूचनांची भाषा. भाषा जगते ती बोलणाऱ्यांमुळे, आणि ती कुणा एकाच्या मालकीची राहिली नाही तर अधिक जगते, हे मराठी वाचकाला मी वेगळे सांगायला नको.

आता एव्हीआरचे पाहा. नॉर्वेत ट्रॉनहाइमच्या तंत्रशिक्षण संस्थेत आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी त्याची कल्पना मांडली, आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲटमेलने तो बाजारात आणला. म्हणजे ८०५१ पेक्षा हा चांगला पंधरा-सोळा वर्षांनी धाकटा. पण २००५ साली इटलीतल्या इव्ह्रेआ गावी काही शिक्षकांनी मुलांना शिकवण्यासाठी आर्दुइनो नावाचा बोर्ड केला, त्यात एव्हीआर बसवला, आणि बघता बघता शाळकरी पोरेही त्याच्या खोडी सांगू लागली. त्याच घराण्यात पुढे अधिक चांगले, अधिक स्वस्त आयसी निघाले, तरी लोक ॲटमेगा३२८पी सोडायला तयार नाहीत. हे पाहिल्यापासून माझी खात्री झाली आहे की आयसीचे जुनेपण वर्षांत मोजायचे नसते, माणसांत मोजायचे असते. किती हातांतून तो गेला, किती जणांनी त्याच्यापायी रात्री जागवल्या, किती जणांनी आपला शोध दुसऱ्याला सांगितला, यावर त्याचे वय ठरते.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एक मुलगी कामाला लागली. हुशार, आणि प्रश्न विचारायला न भिणारी. हे माझे तत्त्वज्ञान तिने एके दिवशी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “सर, मग नवा आयसी जुना व्हायचा कसा? सगळ्यांनीच तुमच्यासारखे म्हटले तर त्याच्या खोडी कळणार कुणाला?”

प्रश्न बिनतोड होता. १९८० साली ८०५१ ही कोराच होता, आणि कुणी तरी त्याच्यावर भरवसा ठेवलाच होता. आज आम्ही जे फुकट वापरतो ते त्या लोकांनी आपल्या पदरचे दिवस घालून कमावलेले आहे. आणि गरजही बदलली आहे. शेतकऱ्याला आता नुसता एसएमएस पुरत नाही. मोबाइलवर पंपाची हालहवाल दिसावी, दुसऱ्या कुणाला तो चालू-बंद करता येऊ नये, यासाठी निरोप सांकेतिक लिपीत बांधावे लागतात. ते काम १२८ बाइटच्या पाटीवर होणार नाही. तिथे माझा जुना गडी हात टेकतो.

“अगं, मग दोघांनाही ठेवू या,” मी म्हणालो. तिने बोर्ड मांडला तो असा: फेज पाहणे, मोटर राखणे, पाणी संपले की थांबणे, हे जुन्याकडे. मोबाइलशी बोलणे, निरोप बांधणे-उलगडणे हे नव्याकडे. दोघांत फक्त दोन तारांचा संबंध. नवा अडकला, गोंधळला, अगदी झोपी गेला, तरी मोटर जळणार नाही. फार तर शेतकऱ्याला त्या दिवशी बातमी मिळणार नाही. बोलणाऱ्याला बोलू द्यावे, राखणाऱ्याला राखू द्यावे. अशी पॅनेले आधी आम्ही कारखान्याच्याच बोअरवर लावली आहेत, दुसऱ्या कुणाच्या विहिरीवर नाही. नव्याला मुरायला जागा हवी, पण ती दुसऱ्याच्या पिकावर नको.

तिने एक वही घातली आहे. दोनशे पानी, साधी, दुकानातली. वर आयसीचे नाव लिहिले आहे आणि आत तारीखवार त्याच्या खोडी. कुठल्या दिवशी कॉन्टॅक्टर सुटला आणि काय झाले, व्होल्टेज हळूहळू उतरले तेव्हा तो कसा वागला, दुपारी पेटी तापली तेव्हा घड्याळ किती चुकले. दर शनिवारी ती ती वही माझ्यासमोर आणून ठेवते आणि मी वाचतो. वाचताना मला त्या आयसीचा चेहरा थोडा थोडा ओळखू येऊ लागला आहे. आतापर्यंत तेवीस पाने भरली आहेत. राखणदारीचे कामही याच्याकडे कधी सोपवायचे, असे तिने मला अजून विचारलेले नाही. वही पुरेशी भरली की ती विचारील, आणि तेव्हा काय म्हणायचे ते मी ठरवून ठेवले आहे. फक्त वहीची एक नक्कल तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडे पाठव म्हणावे.